आडत दुकानांसाठी दिलेल्या कमांड-संचाची माहिती

आमच्या हिशेब-प्रणालीसोबत या हंगामापासून कमांडचा, म्हणजे टाईप करून द्यायच्या आज्ञांचा, एक संच दिला जात असून तो विंडोज संगणकावरील पॉवरशेलमध्ये, म्हणजे अशा आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालतो. लातूर, उदगीर आणि हिंगोली भागातील जी आडत दुकाने व डाळ मिल ही प्रणाली वापरतात, त्यांच्या मुनिमांना आणि संगणक चालकांना या कमांड कशा घडवल्या आहेत हे कळावे, यासाठी हे पत्रक आहे. नेहमीच्या खिडक्या आणि बटणे तशीच राहणार आहेत. परंतु बटण तेवढेच काम करते जेवढे आम्ही आधी योजून ठेवलेले असते, आणि दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढली की दुकानात रोज संध्याकाळी वेगळाच प्रश्न निघतो. आज 12 टक्क्यांहून जास्त ओलाव्याचा माल कोणाकोणाचा आला, कोणत्या खरेदीदाराकडे रक्कम थकली, कोणत्या पट्टीत (मालाच्या विक्रीच्या हिशेबात) हमाली लागलीच नाही, अशा प्रत्येक प्रश्नासाठी आमच्याकडून नवा अहवाल मागवण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, असे आम्हांला मनापासून वाटते.

पॉवरशेलची पहिली आवृत्ती मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2006 मध्ये आणली. त्यामागची कल्पना जेफ्री स्नोव्हर यांनी 2002 मध्येच एका टिपणात मांडली होती. 2016 पासून ते लिनक्स या दुसऱ्या संगणक-प्रणालीवरही चालते आणि त्या नव्या आवृत्तीचा स्रोत, म्हणजे मूळ प्रोग्राम, सर्वांसाठी खुला आहे. विंडोज 10 व 11 मध्ये त्याची 5.1 ही आवृत्ती आधीपासूनच असते, त्यामुळे वेगळी खरेदी करावी लागत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की बाहेरच्या कोणीही त्यात स्वतःच्या कमांड घालू शकतो आणि त्या मूळच्या कमांडसारख्याच वागू शकतात. मात्र त्या तशा वागतील की नाही, हे बनवणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून असते.

या शिस्तीची सुरुवात नावापासून होते. पॉवरशेलमधील कमांडच्या नावात आधी क्रियापद, मग आडवी रेघ आणि शेवटी एकवचनी नाम येते. मान्य क्रियापदांची यादी ठरलेली असून ‘गेट-व्हर्ब’ असे टाईप केल्यास ती समोर येते, आणि यादीबाहेरचे क्रियापद वापरलेला संच उघडताना पॉवरशेल स्वतःच इशारा देते. त्यानुसार पट्टी पाहण्यासाठी ‘गेट-आडतपट्टी’, नवी करण्यासाठी ‘न्यू-आडतपट्टी’, दुरुस्त करण्यासाठी ‘सेट-आडतपट्टी’ आणि काढून टाकण्यासाठी ‘रिमूव्ह-आडतपट्टी’ अशी नावे आम्ही ठेवली आहेत. (येथे ती वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत; संगणकावर रोमन लिपीत टाईप करावीत.) प्रत्येक नामाच्या आधी ‘आडत’ लावले आहे, कारण दुसऱ्या एखाद्या संचात तेच नाम आले तर कोणती कमांड चालेल याचा घोळ होतो. नावे लांब वाटली तरी पहिली काही अक्षरे टाईप करून टॅब दाबल्यास उरलेले नाव आपोआप भरले जाते. आपल्याला हवे असल्यास ‘सेट-एलियस’ने घरगुती छोटे नाव ठेवता येते, परंतु रोज चालवण्यासाठी जतन करून ठेवलेल्या फाईलमध्ये पूर्ण नावच लिहावे, म्हणजे उद्या दुसरा मुनीम आला तरी त्याला ती ओळ वाचता येईल.

एका कमांडचे उत्तर दुसरीला देण्यासाठी मध्ये उभी रेघ घालतात. युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीवर ही सोय 1973 पासून आहे, पण तिथे रेघेतून साधा मजकूर जातो आणि पुढच्या कमांडला त्यातले रकाने स्वतः तोडून घ्यावे लागतात. एका शेतकऱ्याचे नाव तीन शब्दांचे आणि दुसऱ्याचे चार शब्दांचे निघाले की वजनाच्या जागी आडनाव येते. पॉवरशेलमध्ये रेघेतून पूर्ण नोंद जाते, तिच्यातील प्रत्येक बाब आपापल्या नावासह शाबूत राहते. म्हणून ‘गेट-आडतपट्टी -माल सोयाबीन | व्हेअर-ऑब्जेक्ट ओलावा -जीटी 12 | सॉर्ट-ऑब्जेक्ट वजन’ या एका ओळीत (‘-जीटी’ म्हणजे ‘पेक्षा जास्त’) ओल्या मालाच्या पट्ट्या वजनाच्या क्रमाने मिळतात, आणि यातील पहिली कमांड सोडली तर बाकीचे काम पॉवरशेलच करते.

हे साधावे म्हणून आम्ही काही गोष्टी कटाक्षाने टाळल्या आहेत. आमची कोणतीही कमांड उत्तर रंगवून किंवा चौकटीत मांडून थेट पडद्यावर लिहीत नाही, कारण तसे लिहिलेले रेघेपलीकडे जात नाही. वजन नेहमी किलोच्या आकड्यात येते, ‘12 क्विंटल 40 किलो’ अशा मजकुरात नाही. मजकूर म्हणून क्रम लावला तर 9 हे 10 च्या नंतर येते. रकमेसाठी पैशांचा दशांश अचूक राखणारा प्रकार वापरला आहे. तसेच एका कमांडमध्ये ‘माल’ हे नाव असेल तर दुसरीतही ‘माल’च असेल, ‘जिन्नस’ नसेल. एवढ्या साध्या नियमाने पाठांतराचा भार किती कमी होतो, हे वापरताना लक्षात येईल.

तारखेबाबत विशेष काळजी घ्यावी. पॉवरशेलमध्येच लिहिलेल्या कमांडला ‘05/06/2025’ ही तारीख म्हणून दिली, तर संगणकाची मांडणी भारतीय असली तरी ती 6 मे समजली जाते, 5 जून नव्हे. आणि यात कोणतीही चूक दाखवली जात नाही. ‘13/06/2025’ दिल्यावर मात्र चूक दिसते, त्यामुळे महिन्याचे पहिले 12 दिवस हा दोष लपून राहतो. हिशेबात याहून घातक काही असू शकत नाही. म्हणून आमच्या कमांड तिरक्या रेघांची तारीख स्वीकारतच नाहीत. ती ‘2025-06-05’ अशी, म्हणजे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावी.

नोंद बदलणाऱ्या किंवा काढणाऱ्या प्रत्येक कमांडला ‘-व्हॉटइफ’ जोडता येते. तसे केल्यास कोणत्या पट्ट्यांवर काय होईल एवढेच सांगितले जाते, प्रत्यक्षात काहीही बदलत नाही. ही सोय नावाला जाहीर करणे सोपे आहे. परंतु जिथे जिथे नोंद खरोखर बदलते, तिथे तिथे ‘फक्त सांगायचे की खरेच बदलायचे’ ही विचारणा बनवणाऱ्याला लिहावी लागते, आणि हे काम आम्ही एकही जागा न सोडता केले आहे. ‘रिमूव्ह-आडतपट्टी’ तर न सांगताही दुजोरा विचारते. काम चालू असताना वीज गेली तर तीच ओळ पुन्हा चालवावी: ‘न्यू-आडतपट्टी’ काटापट्टीचा (वजनकाट्यावरच्या चिठ्ठीचा) क्रमांक आधी तपासते आणि त्या क्रमांकाची पट्टी झालेली असेल तर दुसरी करत नाही. अनेक काटापट्ट्यांपैकी एखादीत भाव भरायचा राहिला असेल, तर तेवढीच बाजूला ठेवून तिचा क्रमांक व रिकामी बाब मराठीत दाखवली जाते आणि बाकीच्या पूर्ण होतात. पहिल्याच चुकीला थांबायचे असल्यास ‘-एररॲक्शन स्टॉप’ लिहावे.

एक्सेलसाठी ‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ वापरताना 5.1 आवृत्तीत ‘-एन्कोडिंग यूटीएफ8’ लिहायला विसरू नये. ते नसेल तर फाईलमधील देवनागरी नावांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे उमटतात. प्रत्येक कमांडची मराठी माहिती आणि चालवून पाहता येतील अशी उदाहरणे ‘गेट-हेल्प’ नंतर तिचे नाव व ‘-एक्झाम्पल्स’ लिहिल्यास मिळतात.

नवी कमांड हवी असल्यास आपल्याला काय विचारायचे आहे, उत्तरात कोणत्या बाबी हव्यात आणि ते उत्तर पुढे कोणाकडे जाणार आहे, हे कृपया कागदावर लिहून द्यावे. आहेत त्याच कमांड जोडून काम होते का, हे आम्ही आधी पाहतो. तसे होत असेल तर नवी कमांड न बनवता जोडणीची ती ओळच आपल्याला लिहून देतो.