बेन्झॉइल पेरॉक्साइड जेलची स्थिरता

बेन्झॉइल पेरॉक्साइड हे तारुण्यपिटिकांवर, म्हणजे मुरुमांवर, वरून लावण्याचे औषध आहे. बहुधा ते २.५, ५ किंवा १० टक्के जेलच्या रूपात मिळते. त्याच्या रेणूतील दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध कमकुवत असतो. त्वचेवर तो तुटला की मुक्त मूलके, म्हणजे अतिशय क्रियाशील रेणूखंड, सुटतात, मुरुमांतील क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नीस हे जिवाणू मरतात आणि मागे बेन्झोइक आम्ल उरते. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणूही याच्यापुढे टिकत नाहीत. पण चेहऱ्यावर तुटायला हवा असलेला हाच बंध ट्यूबमध्ये मात्र शाबूत राहायला हवा, आणि जेल बनवणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते.

कोरडी पूड उष्णतेने किंवा घर्षणाने स्फोट पावू शकते, म्हणून कच्चा माल साधारण २५ टक्के पाण्यासह ओलाच ठेवतात. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते विरघळवण्यासाठी सेंद्रिय द्रावक वापरावा, तर विघटन वेग घेते. त्यापेक्षा बारीक कण पाण्यातच तरंगते ठेवणे शहाणपणाचे. कार्बोमर या घट्टपणा आणणाऱ्या पदार्थाचा दाट जेल ते कण तळाशी बसू देत नाही. धातूंचे अंश विघटनाला चालना देतात, त्यांना डायसोडियम ईडीटीए बांधून ठेवते.

जोडीला दुसरे औषध आले की अडचण वाढते. मुरुमांवरच्याच ट्रेटिनॉइन या औषधाचे ऑक्सिडीकरण होते, उजेडात तर फारच झपाट्याने. त्याच गटातले अडॅपलीन मात्र तग धरते. त्याचे बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबरचे मिश्रण अमेरिकेत २००८ मध्ये मंजूर झाले. ट्रेटिनॉइनची जोडी जमायला २०२१ उजाडले, तेही दोन्ही औषधे सिलिकाच्या सूक्ष्म कवचांत वेगवेगळी बंद केल्यावर. प्रतिजैविकासोबतच्या काही जेलांत तर दोन्ही घटक वेगळे ठेवून औषधविक्रेता देतेवेळी मिसळतो, आणि तिथून वापराची मुदत मोजली जाते.

तापलेल्या बेन्झॉइल पेरॉक्साइडपासून कर्करोगकारक बेन्झीनही तयार होऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ९५ उत्पादने तपासून मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेन्झीन आढळले नाही किंवा अत्यल्प आढळले. मोजकी उत्पादने परत मागवली गेली. विदर्भातल्या मे महिन्यात अशी ट्यूब उन्हातल्या गाडीच्या डिकीत मुळीच ठेवू नये.