निशाणी डावा अंगठा

आमच्या इंदूरच्या घरातल्या एका जुन्या खरेदीखतावर खाली निळसर डाग आहे आणि शेजारी लिहिलंय, ‘निशाणी डावा अंगठा’. सही न येणाऱ्या माणसाची ती सही. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, सिमरोलच्या आयआयटी इंदूरमध्ये प्रा. अनिर्बाण सेनगुप्ता आणि त्यांचे विद्यार्थी बोटाचा ठसा चिपच्या आराखड्यात उतरवतात, हे वाचलं तेव्हा मला तो कागदच आठवला.

मोबाइलमधला फोटो आवळून साठवणारं जेपेगचं सर्किट घ्या. ते एक कंपनी आखते, दुसरी विकत घेऊन आपल्या चिपमध्ये बसवते, तिसरी ती चिप घडवते. आराखडा म्हणजे शेवटी एक फाइल. वाटेत कुणीही तिची नक्कल करून ‘हे माझंच’ म्हणू शकतो. फाइलवर नाव घातलं तर ते खोडता येतं. महेश्वरी साडीची चिठ्ठी काढून टाकता येते, पण किनारीची वीण उसवायला गेलं की साडीच हातची जाते. निशाणी विणीत हवी.

सर्किटमधली ही वीण कुठली, हा मला या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. गणित करताना मधली उत्तरं काही क्षण ठेवावी लागतात. त्यासाठी रजिस्टर नावाचे कप्पे असतात. कप्प्यांना जागा लागते, म्हणून काटकसर करायची, एका उत्तराचं काम संपलं की त्याच कप्प्यात दुसरं. रिकामं झालेलं पातेलं विसळून आपण पुढच्या भाजीला घेतो, तसंच. कोणतं उत्तर कोणत्या कप्प्यात ठेवायचं, याच्या बरोबर चालणाऱ्या वाटण्या पुष्कळ निघतात. निशाणी लपते ती या मोकळीकीत.

ठशातल्या रेषा जिथे संपतात किंवा दुभंगतात, त्या बिंदूंची जागा, प्रकार आणि रेषेचा कोन आकड्यांत मांडायचा. त्या आकड्यांची शून्य-एकची माळ ओवायची. मग माळेतला एकेक अंक म्हणजे एकेक अट. शून्य आला तर सम क्रमांकाची ठरलेली दोन उत्तरं एका कप्प्यात ठेवायची नाहीत, एक आला तर विषम क्रमांकाची. सर्किटचं काम तेच राहतं, कप्प्यांची वाटणी मात्र त्या बोटाची होते. कधी एखादा कप्पा वाढतो, तेवढाच खर्च.

दुसऱ्याच्या आराखड्यात हीच वाटणी योगायोगाने जुळली तर? समजा 8 कप्पे आहेत आणि 100 अटी. एक अट आपोआप पाळली जाण्याची शक्यता 8 पैकी 7. शंभरच्या शंभर पाळल्या जाण्याची शक्यता दहा लाखांत दोनाहूनही कमी.

नक्कल यामुळे थांबत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. वाद उभा राहिला की वाटणी वाचून मालक सिद्ध करता येतो, एवढंच. आपल्याकडे चिपच्या मांडणीला 2000 च्या कायद्याने नोंदणी केली तर 10 वर्षं संरक्षण मिळतं, पण पुरावा ज्याचा त्याने आणायचा असतो.

हजेरीच्या यंत्रावर घामेजलं बोट ओळखलं जात नाही, तसं इथे होणार नाही. पडताळणीला बोट पुन्हा टेकवावं लागत नाही, जपून ठेवलेलं मूळ चित्रच वापरतात. माझी काळजी वेगळी आहे. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. ते चित्र चोरीला गेलं तर? त्यासाठीच बिंदूंचे आकडे कोणत्या क्रमाने ओवले, हे आराखडा करणारा ठरवतो आणि तो क्रम स्वतःपाशी ठेवतो.