कीटकनाशक-प्रतिरोध (फळबागांतील किडींचा)

जी मात्रा पूर्वी किडीला मारत होती, तिच्यातून त्याच किडीची पुढची पिढी जिवंत राहू लागणे म्हणजे कीटकनाशक-प्रतिरोध. बागेत याला ‘औषध लागू पडत नाही’ म्हणतात. ‘औषध पचते’ म्हणणे जास्त अचूक ठरेल.

मुंबईत बागेतली कीड सहसा पोचत नाही, तिची खूण पोचते. क्रॉफर्ड मार्केटमध्ये हापूसची पेटी उघडली की एखाद्या फळावर देठाजवळ काळपट थर असतो. ओल्या फडक्याने तो निघतो. तुडतुडे किंवा पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतात, त्यावर वाढलेली ही बुरशी.

फळबागांतील प्रतिरोधाची पहिली ठळक नोंद १९१४ मधली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सॅन होजे खवले कीड चुना-गंधकाच्या फवाऱ्याला दाद देईनाशी झाल्याचे ए. एल. मेलँडर यांनी दाखवले. डीडीटी तेव्हा बाजारात यायचे होते.

कीटक फवारा खाऊन ‘सरावत’ नाही. बचावाचे जनुक थोड्यांत आधीपासून असते किंवा उत्परिवर्तनाने येते. फवारणी बाकीच्यांना मारून या थोड्यांना रान मोकळे करून देते. मॅलॅथिऑनसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट रसायने चेतांमधील संदेश थांबवणारे अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एंझाइम बंद पाडतात. संदेश थांबत नाही, कीटक थरथरून मरतो. पीचवरील हिरव्या माव्यात मात्र दुसऱ्याच एका एस्टरेजच्या जनुकाच्या ८० पर्यंत प्रती सापडतात. हे एंझाइम इतके भरमसाट बनते की रसायन चेतांपर्यंत पोचण्याआधीच अडकून पडते. पी-४५० गटातील एंझाइमे विषाचे ऑक्सिडीकरण करून ते निकामी करतात. गंमत अशी, की मॅलॅथिऑनला खरे जहाल बनवणारीही हीच एंझाइमे. पिपरॉनिल ब्युटॉक्साइड हे कीटकनाशकात मिसळायचे सहायक रसायन त्यांना रोखते; ते मिसळल्यावर कीड पुन्हा मरू लागली, तर प्रतिरोध पी-४५०मुळे असल्याचा संशय बळावतो.

दुसरा मार्ग पचवण्याचा नाही, कुलूपच बदलण्याचा. चेतापेशीत सोडियम आत सोडणारे दार म्हणजे सोडियम-मार्गिका; काही विषे तिथेच घाव घालतात. तिचा आकार किंचित बदलला की डीडीटी आणि सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही पायरेथ्रॉइडे एकाच वेळी कमकुवत पडतात. म्हणून दुकानातून नुसती बाटली बदलून आणणे व्यर्थ; गट, म्हणजे विष जिथे घाव घालते ती जागाच, बदलावा लागतो.

हिरव्या माव्याच्या काही वंशांत वाढीव एस्टरेज बनणे आपोआप थांबते. जनुकाच्या जादा प्रती मात्र तशाच, निपचित राहतात.