'उष्णतेचे किरण' वेगळे नसतात

सूर्यप्रकाशातले दिसणारे किरण फक्त उजेड देतात आणि ऊब देतात ते अवरक्त (इन्फ्रारेड) किरण, म्हणजे तांबड्यापलीकडचे न दिसणारे किरण, असं शाळेपासून ऐकत आलोय. हे खरं नाही.

समजाचं मूळ 1800 सालच्या एका सुंदर प्रयोगात आहे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी काचेच्या लोलकातून (प्रिझममधून) सूर्याचा वर्णपट पाडून त्यात तापमापक ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सर्वांत जास्त चढला! पण काचेचा लोलक तांबड्याकडच्या लहरी दाटीवाटीने टाकतो, त्यामुळे तिथली ऊर्जा थोड्या जागेत एकवटते. पारा जास्त चढण्यामागे हेही एक मोठं कारण होतं.

वस्तुस्थिती अशी, की पोकळीतून उष्णता येतच नाही. येतात त्या विद्युतचुंबकीय लहरी; दिसणारा प्रकाश आणि अवरक्त, दोन्ही त्याच प्रकारच्या. वातावरणाच्या माथ्यावर त्या दर चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट देतात आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक दृश्य प्रकाशाचे असतात. लहर शोषली गेली, की तिची ऊर्जा पदार्थातल्या कणांना मिळते आणि ती वस्तू तापते. रंग कुठलाही असो. लाकडावर नावं कोरणाऱ्या छोट्या यंत्रांत बहुधा निळा लेसर असतो. तो ठिपका सरकतो तसा मागे काळा, जळका चरा उमटत जातो. त्यात अवरक्ताचा काहीच वाटा नसतो.

आपलं शरीर, भिंती, तापलेला तवा मुख्यतः अवरक्तच बाहेर टाकतात, म्हणून 'अवरक्त म्हणजे उष्णता' हे समीकरण इतकं घट्ट बसलंय.