लांबच्या दोन सॅन (सर्व्हर आणि डिस्क जोडणारी स्टोरेज नेटवर्क) आयपीवरून जोडायची वेळ का आली?

२०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला, पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ च्याही वर गेली, आणि तेव्हापासून कोल्हापुरात बँक असो नाहीतर कारखाना, डेटाची दुसरी कॉपी पुण्या-मुंबईला पाहिजेच ही गोष्ट वेगळी पटवून द्यावी लागत नाही. पण ती कॉपी जाते कशी, त्यामागं बराच इतिहास आहे.

सॅन ज्यावर चालते ते फायबर चॅनेल १९९४ च्या सुमारास स्टँडर्ड झालं ते एका इमारतीतले, फार तर एका कॅम्पसमधले सर्व्हर आणि डिस्क जोडायला. लाँगवेव्ह लेझर लावला की साधारण १० किमी. त्याच्यापुढं खरी अडचण केबलची नव्हतीच, क्रेडिटची होती, म्हणजे फ्रेम (डेटाचं एकेक पाकीट) पाठवायच्या परवानगीची. समोरचा पोर्ट जेवढे बफर (फ्रेम ठेवायच्या जागा) मोकळे आहेत म्हणून सांगतो तेवढ्याच फ्रेम पाठवायच्या, मग तिकडून एकेक पावती आली की पुढची एकेक सोडायची. २ जीबीपीएसला फुल साइजच्या फ्रेम असल्या तरी दर किलोमीटरला जवळपास एक क्रेडिट लागतं, म्हणजे अंतर वाढलं की क्रेडिट संपतात आणि महागडी लाइन नुसती रिकामी बसते. डार्क फायबर (भाड्यानं घेतलेली रिकामी फायबर) आणि डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरवर प्रकाशाचे अनेक रंग चालवणं) हा उपाय होता, पण त्याचं भाडं मोठ्या शहरातल्या मोठ्या बँकांनाच झेपणारं.

आयपी नेटवर्क, म्हणजे इंटरनेट ज्यावर चालतं ते, मात्र सगळीकडं पोचलेलं. मग इंटरनेटची स्टँडर्ड ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये एकाच वेळी तीन वाटा निघाल्या. आयस्कझी एप्रिल २००४ मध्ये आलं, पण ते सर्व्हर आणि स्टोरेज थेट आयपीवर बोलायला. त्याच वर्षी जुलैत एफसीआयपी आलं, ते फायबर चॅनेलची फ्रेम आहे तशी टीसीपीच्या पाकिटात घालून पलीकडं पोचवतं आणि दोन्हीकडच्या स्विचना वाटतं आपण एकाच फॅब्रिकमध्ये (एकमेकांना जोडलेल्या स्विचच्या जाळ्यात) आहोत. सोयीचं आहे, पण धोकाही तिथंच आहे. झोनिंग (कुणी कुणाशी बोलायचं ते), डोमेन आयडी (स्विचचे नंबर) सगळं एकत्र होतं, आणि वॅन लिंक, म्हणजे दोन गावांमधली लाइन, फडफडली की गोंधळ दोन्ही साइटवर.

तिसरी वाट, निशान सिस्टिम्स या कंपनीनं मांडलेलं आयएफसीपी, सप्टेंबर २००५ ला आरएफसी (आयईटीएफचा अधिकृत दस्तऐवज) झालेलं, हे टाळत होतं. दोन्ही फॅब्रिक वेगळीच ठेवायची, मधल्या गेटवेनं पत्ते बदलायचे. माझ्या मते विचार हाच बरोबर होता. पण निशान २००३ मध्येच सॅन स्विच बनवणाऱ्या मॅकडेटानं घेतली, मॅकडेटा २००७ ला त्याच धंद्यातल्या ब्रोकेडमध्ये गेली, आणि बाजारात एफसीआयपी टिकलं. पुढं एफसीआयपीवरच फॅब्रिक राउटिंग लावून फॅब्रिक वेगळी ठेवायला लागले, म्हणजे आयएफसीपीचाच मुद्दा मागच्या दारानं आत आला.

एक गोष्ट मात्र कुठल्याच प्रोटोकॉलला जमणार नाही, अंतर कापायचा वेळ वाचवणं. फायबरमध्ये प्रकाशाला दर किमीला ५ मायक्रोसेकंद लागतात, कोल्हापूर-पुणे २३० किमी धरलं तर जाऊन-येऊन २.३ मिलिसेकंद नुसत्या प्रवासाचे, वर राउटर आणि फिरून गेलेली लाइन वेगळी. प्रत्येक राइटला एवढं थांबायला डेटाबेस तयार नसतो, म्हणून इथून पुण्याला रेप्लिकेशन (कॉपी पाठवणं) बहुतेक वेळा असिंक्रोनसच, म्हणजे पलीकडच्या पावतीसाठी न थांबता, ठेवतात, आणि इथली साइटच बंद पडली तर शेवटचा किती डेटा हरवलेला चालेल हे मॅनेजमेंटकडून आधीच लिहून घ्यावं लागतं.