छिद्रावर तगलेलं बाळ

मे महिन्यातल्या सोलापुरात घाम कुणाला येत नाही? म्हणून दीड महिन्याच्या बाळाच्या कपाळावर दूध पिताना थेंब दिसले, की आजी म्हणते, "टोपडं काढ की गं त्याचं." बऱ्याचदा आजीचंच खरं असतं. पण दोन घोट ओढून बाळ धापा टाकत असेल, वजनही वाढत नसेल, तर उन्हाला दोष देऊ नये. दूध ओढणं हेच तान्ह्या बाळाचं कष्टाचं काम. हृदयाचं दुखणं तिथं उघडं पडतं.

अशा काही बाळांची नळजोडणीच चुकलेली असते. फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात उघडायला हव्यात. 'टीएपीव्हीसी' या दोषात चारही उजवीकडे पोचतात. कधी मानेच्या बाजूनं, कधी पोटात उतरून यकृतामार्गे. उजनीचं पाणी शुद्ध करून पुन्हा धरणातच सोडावं, तशी गत.

मग बाळ जगतं कसं? दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात, गर्भात असल्यापासूनच, एक छिद्र असतं. त्यातून मिसळलेलं रक्त डावीकडे येतं आणि तेवढ्यावर शरीर चालतं. 'हृदयाला छिद्र' म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. इथं तेच बाळाला तगवून धरतं. शिरांचा मार्ग अरुंद असला, तर मात्र फुप्फुसांत रक्त तुंबतं आणि जन्मानंतर काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते.

गंमत म्हणजे, चारही शिरा बहुतेकदा डाव्या कप्प्याच्या अगदी पाठीमागे एकत्र येऊन त्यांची एक पिशवी झालेली असते. सर्जन ती पिशवी आणि कप्पा दोन्ही उघडून एकमेकांना शिवतात, चुकीची वाट बांधून बंद करतात आणि शेवटी ते छिद्रही बुजवतात. तीन किलोच्या बाळात रक्त जेमतेम पाव लिटर, म्हणून शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्या भरायला दात्याचं रक्त लागतं. कधी शरीर १८ अंशांपर्यंत गार करून रक्तप्रवाह थोडा वेळ थांबवतात. धागा केसाएवढा, त्यापुढे चादरीचं सूत दोरखंड वाटेल. जोड पुढे आकसला, तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं.

रक्तात प्राणवायू कमी पडला, की अंग निळसर होतं; पण सावळ्या बाळाचा निळेपणा डोळ्यांना चकवतो. म्हणून जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिमीटर लावून बघतात. प्राणवायूचा आकडा ९० टक्क्यांच्या खाली आला, तर लगेच हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांची तपासणी आणि शस्त्रक्रिया मोफत होते. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला दुधाच्या वेळचा तो घाम आवर्जून सांगावा.