नव्या घराचा करारनामा: सही करण्याआधी

नमुना घर पाहून झालं, घरच्यांना पसंत पडलं, की करारनाम्याचा जाडजूड गठ्ठा हातात येतो. सोबत "सगळ्यांचा असाच असतो" हे वाक्यही येतं. हा मसुदा बिल्डरच्या वकिलाने बिल्डरचं हित पाहून लिहिलेला असतो. त्यात गैर काही नाही, पण तुमचं हित पाहून तो वाचणारंही कोणीतरी हवं.

आमचं सांगणं असं की वाचायला शेवटून सुरुवात करा. तिथे बहुधा एक छोटं कलम असतं: दोन्ही पक्षांत ठरलं ते एवढंच, आधीची बोलणी आणि जाहिराती ग्राह्य नाहीत. तोंडी कबूल केलेलं पार्किंग, चित्रातली बाग, "तुमच्यासाठी करून देऊ" म्हटलेली जादा खिडकी, या सगळ्यावर त्या दोन ओळी पाणी फिरवू शकतात. ज्या गोष्टीसाठी तुम्ही हे घर निवडलंत, ती करारात शब्दांत उतरलीच पाहिजे. विक्री प्रतिनिधी कितीही भला असला तरी ताबा घेताना तो तिथे असेलच असं नाही.

त्यानंतर परिशिष्टं वाचा. लोक ती चाळून सोडून देतात, पण खरं घर तिथेच असतं: नकाशा, फरशी, दारं, नळ, वायरिंग. "अमुक कंपनीची किंवा तत्सम" अशी शब्दरचना दिसली की थांबा. तत्सम म्हणजे काय, हे कोण ठरवणार? माल बदलायचा झाल्यास किंमत आणि दर्जा कमी नसेल आणि आधी लेखी कळवलं जाईल, एवढी भर घालून घ्या.

क्षेत्रफळाच्या आकड्यापुढे मोजण्याची पद्धत लिहिली आहे का, तेही पाहा. आतून ३ बाय ४ मीटरची खोली १२ चौरस मीटर भरते. तिच्या चारही भिंती १५ सेंटिमीटर जाडीच्या धरून बाहेरून मोजलं, तर तीच खोली १४.१९ चौरस मीटर होते. पाय ठेवायला जागा मात्र तेवढीच!

हप्ते तारखेला बांधलेले असतील तर काम थांबलं तरी पैसे भरत राहावे लागतात. ते कामाच्या टप्प्यांना बांधून घ्या: स्लॅब, भिंती, गिलावा, ताबा. शेवटचा हप्ता अगदीच किरकोळ ठेवू नका, राहिलेली कामं त्याच्याच जोरावर पूर्ण होतात. कर्ज नामंजूर झालं तर बुकिंगची रक्कम परत मिळणार का, किती दिवसांत, हेही लिहिलेलं असावं.

ताब्याची तारीख म्हणजे दिवस, महिना, वर्ष. "अंदाजे" किंवा "काम पूर्ण झाल्यावर" ही तारीख नव्हे. उशीर झाल्यास भरपाई कशी मोजायची आणि बिल्डरच्या आवाक्याबाहेरची कारणं नेमकी कोणती, तेही त्यात हवं. त्या यादीच्या शेवटी "इत्यादी" असेल तर तो शब्द खोडून घ्या.

दोष दुरुस्तीची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची आणि तिच्यात काय येतं, हे विचारा. गळती, भेगा आणि रंगकाम यांना एकच नियम असेलच असं नाही. ताब्याआधी पाहणीचा हक्क मागून घ्या, आणि पाहणीत न्हाणीघरात बादलीभर पाणी ओता. पाणी जाळीकडे जातंय की दाराकडे, हे लगेच कळतं. जे सापडेल ते लेखी द्या आणि पोच घ्या.

करारनाम्याने घर विकण्याचं वचन मिळतं, मालकी हस्तांतरित होते ती खरेदीखताने. ते कधी करून देणार, याचंही कलम असू द्या.

आमच्याकडे येताना मसुदा, परिशिष्टं, नकाशा, जाहिरातीचं पत्रक आणि मोबाइलवर आलेले बिल्डरचे संदेश घेऊन या. बुकिंगची रक्कम भरण्याआधी आलात तर उत्तम. पैसे गेल्यावरही मदत करू, पण तेव्हा कलम बदलून घेणं पुष्कळ अवघड जातं.